कल आणि पल्ला

दक्षिण दिल्लीत अरबिंदो मार्गाला लागून केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची एक जुनी वसाहत आहे, लक्ष्मीबाई नगर. झाशीच्या राणीचं नाव लावणाऱ्या या वसाहतीच्या शेजारी दिल्ली हाट, पलीकडे किदवई नगर आणि मागे सरोजिनी नगरचा गजबजलेला बाजार. गोल्फशी या जागेचा काही संबंध असेल असं सहसा कुणाला वाटणार नाही. पण इथून अरबिंदो मार्गाने सरळ दक्षिणेला गेलं की लाडो सराईला दिल्ली विकास प्राधिकरणाचं कुतुब गोल्फ कोर्स लागतं. पैसे भरून कुणीही खेळू शकेल असं हे सार्वजनिक मैदान 2000 साली सुरू झालं. ईशान्येला काही किलोमीटरवर झाकिर हुसेन मार्गावर दिल्ली गोल्फ क्लब आहे, ज्याच्या हिरवळीत मध्ययुगीन कबरी आणि घुमट अजून उभे आहेत. ऑक्टोबर 2025 मध्ये या क्लबच्या लोधी कोर्सवर एक मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली आणि रोरी मॅकिलरॉय तिथे खेळायला आला. जगात सर्वांत लांब मारणाऱ्यांत ज्याची गणना होते त्या मॅकिलरॉयने खेळ सुरू होण्याआधीच सांगितलं, की या आठवड्यात आपण ड्रायव्हर वापरणार नाही. ड्रायव्हर म्हणजे सर्वांत लांब दांड्याचा, अगदी कमी कलाचा, सर्वांत दूर चेंडू नेणारा क्लब. तो बाजूला ठेवून जास्त कलाचे क्लब हातात घेण्यामागे फक्त झाडीची भीती होती का? गोल्फच्या क्लबचा कल आणि चेंडूचा पल्ला यांचं नातं नीट उलगडलं तर या निर्णयाचा अर्थ लागतो, आणि त्याबरोबर हौशी खेळाडूंच्या मनात घट्ट बसलेली एक समजूतही सैल होते.

ती समजूत अशी: कल जितका कमी, तितका चेंडू लांब. कल, म्हणजे गोल्फवाले ज्याला लॉफ्ट म्हणतात तो, हा क्लबच्या तोंडाचा उभ्या रेषेपासून मागे झुकलेला कोन. ड्रायव्हरचा लॉफ्ट साधारण 9 ते 12 अंश असतो, पारंपरिक पाच नंबर आयर्नचा, म्हणजे लोखंडी डोक्याच्या क्लबचा, 27 च्या आसपास, सात नंबरचा 34, पिचिंग वेजचा 46, सँड वेजचा 56. नियमाप्रमाणे थैलीत जास्तीत जास्त 14 क्लब ठेवता येतात. त्यांतल्या आयर्नचे लॉफ्ट सुमारे चार-चार अंशांनी चढत जातात आणि पल्ला दर पायरीला दहा-बारा यार्डांनी उतरत जातो. ही उतरंड डोळ्यांसमोर असल्यामुळे समजूत खरी वाटते. लॉफ्ट म्हणजे जणू अंतराचा नळ, थोडा बंद केला की धार लांब जाते. माझं म्हणणं असं, की लॉफ्ट थेट अंतर ठरवत नाही. फटक्यातली ताकद पुढे जाण्याचा वेग, वर चढण्याचा कोन आणि फिरकी या तिघांत कशी वाटली जाईल, एवढंच तो ठरवतो. त्या वाटणीतून पल्ला किती निघेल हे मग हवा ठरवते, आणि हवेचा निकाल प्रत्येक खेळाडूच्या वेगाप्रमाणे बदलतो. म्हणून एका माणसाला पल्ला देणारा कमी लॉफ्ट दुसऱ्याचा पल्ला खाऊ शकतो.

शाळेतल्या भौतिकशास्त्राची आठवण असलेला वाचक इथे लगेच अडवेल. फेकलेली वस्तू 45 अंशांत सर्वांत दूर जाते असं पुस्तकात शिकवलं होतं. विटी-दांडू खेळणाऱ्या पोरालाही ते न शिकता कळलेलं असतं. फार सपाट कोललेली विटी लवकर जमिनीला लागते आणि फार उंच गेलेली झेलली जाते. मग ड्रायव्हरचा लॉफ्ट 45 अंश का नाही? उत्तराचा पहिला भाग टकरीत आहे. क्लब आणि चेंडू एकमेकांना जेमतेम अर्धा सहस्रांश सेकंद चिकटलेले असतात. क्लबचं तोंड, म्हणजे फेस, झुकलेला असला की टक्कर तिरकी होते. क्लबच्या वेगाचा जो भाग फेसला लंब असतो तो चेंडूला ढकलतो. जो भाग फेसच्या पृष्ठावरून सरकतो तो घर्षणाने चेंडू फिरवतो, तळाकडून पुढे आणि माथ्याकडून मागे, म्हणजे उलटी फिरकी देतो. कल वाढला की ढकलणारा भाग आक्रसतो आणि फिरवणारा वाढतो. घर्षण चेंडूला थोडं खाली ओढतं, म्हणून तो फेसच्या अगदी लंब दिशेने निघत नाही. टकरीच्या क्षणी जो लॉफ्ट असेल त्याच्या साधारण तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश कोनात निघतो. म्हणजे 45 अंशांच्या जवळ चेंडू सोडायचा तर सँड वेजसारखा क्लब लागतो, आणि त्याच्याशी झालेल्या तिरक्या टकरीत वेगाचा मोठा वाटा फिरकीत खर्च होतो. विटीला हा सौदा करावा लागत नाही, तिचा कोन आणि वेग जवळपास स्वतंत्र असतात. गोल्फमध्ये कोन विकत घ्यावा लागतो आणि त्याची किंमत वेगात मोजावी लागते.

ही किंमत किती, ते मोजलेलं आहे. डेन्मार्कच्या ट्रॅकमॅन कंपनीच्या रडारने अमेरिकेच्या पीजीए टूरवरील खेळाडूंच्या फटक्यांची नोंद केली आहे, आणि इथे घेतलेल्या त्या जुन्या सरासऱ्या गोल्फच्या जगात वर्षानुवर्षे वापरल्या गेल्या. ड्रायव्हरने क्लबचा वेग ताशी 113 मैल, म्हणजे सुमारे 182 किलोमीटर, आणि चेंडूचा 167 मैल. चेंडूने क्लबच्या वेगाच्या 1.48 पट घेतले. सात नंबर आयर्नने क्लब 90 मैल, चेंडू 120, म्हणजे 1.33 पट. पिचिंग वेजने क्लब 83, चेंडू 102, म्हणजे 1.23 पट. हे गुणोत्तर उतरत जातं ते मुख्यतः फेसच्या वाढत्या कलामुळे. इथवर लोकसमजूत बरोबरच आहे: लॉफ्ट वाढला, चेंडूचा वेग घटला, पल्ला घटला. पण हिशेब इथे थांबवला तर खरी गंमत हातून जाते.

याच नोंदींत चेंडू निघण्याचे कोनही आहेत: ड्रायव्हर 10.9 अंश, पाच नंबर 12.1, सात नंबर 16.3, पिचिंग वेज 24.2. वेग आणि कोन माहीत असले की हवा नसती तर चेंडू किती दूर पडला असता हे शाळेतल्या सूत्राने काढता येतं. वेगाचा वर्ग गुणिले दुप्पट कोनाची ज्या (साइन), भागिले गुरुत्वीय त्वरण. ड्रायव्हरचं उत्तर येतं 211 मीटर. प्रत्यक्षात तो चेंडू हवेतून 275 यार्ड, म्हणजे सुमारे 251 मीटर जातो. म्हणजे हवेने अडवण्याऐवजी 40 मीटर दिले! पाच नंबरला सूत्र 145 मीटर देतं, प्रत्यक्ष पल्ला 177 मीटर. इथेही हवेची भर 32 मीटर. सात नंबरला सूत्र म्हणतं 158 मीटर आणि प्रत्यक्षात पडतात 157 मीटर, देणं-घेणं बरोबरीत. आणि पिचिंग वेजला? सूत्राचं उत्तर पुन्हा 158 मीटर, सात नंबरइतकंच. प्रत्यक्ष पल्ला मात्र 124 मीटर, म्हणजे हवेने 34 मीटर काढून घेतले. या शेवटच्या दोन आकड्यांपाशी थोडं थांबायला हवं. निर्वात पोकळीत जगातले उत्तम व्यावसायिक खेळाडू सात नंबर आणि पिचिंग वेज जवळपास एकाच अंतरावर मारतील. कमी लॉफ्टने वेगात जे मिळवलं, ते जास्त लॉफ्टने कोनात भरून काढलं. दोन क्लबांमधलं 33 मीटरांचं अंतर, ज्याच्या भरवशावर खेळाडू क्लब निवडतो, ते जवळजवळ सगळं हवेने निर्माण केलेलं आहे. 1971 च्या फेब्रुवारीत अपोलो 14 चा अंतराळवीर ॲलन शेपर्ड याने नमुने गोळा करायच्या दांड्याला सहा नंबर आयर्नचं डोकं बसवून चंद्रावर चेंडू मारले. त्या क्लबचं पृथ्वीवरचं पल्ल्याचं नातं तिथे मुळातच लागू नव्हतं. तिथला लॉफ्ट म्हणजे फक्त कोन.

हवा देते कशी, हे पहिल्यांदा नीट मांडलं ते एडिंबरा विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी, 1890 च्या दशकात. त्यांना खटकलं ते वेळेचं कोडं. चांगला मारलेला सपाट फटका गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबाने जितका वेळ हवेत राहायला हवा त्याच्या कितीतरी अधिक काळ राहत होता. आजच्या आकड्यांत बोलायचं तर वरच्या ड्रायव्हरच्या चेंडूने निर्वातात तीन सेकंदांच्या आत जमीन गाठली असती. प्रत्यक्षात तो सहा सेकंदांच्या आसपास तरंगतो. काहीतरी त्याला उचलून धरतंय हे उघड होतं. चेंडूला लांब फीत बांधून तो मारायचा आणि फितीला पडलेले पीळ मोजायचे, अशी साधी युक्ती करून टेट यांनी फिरकी मोजली. त्यांचा मुलगा फ्रेडी टेट याने 1896 आणि 1898 साली ब्रिटिश हौशी अजिंक्यपद जिंकलं होतं, त्यामुळे घरात उत्तम फटकेबाज होता. निष्कर्ष असा निघाला, की उलट्या फिरकीमुळे चेंडूच्या वरच्या अंगाची हवा मागे ओढली जाते, तिचा प्रवाह खाली वळतो आणि चेंडू वर ढकलला जातो. तोवर बरेच खेळाडू फिरकीला दोष समजत होते. चेंडूवरच्या खळ्या हे याच कथेचं पुढचं पान. गुळगुळीत गटापर्चाच्या चेंडूंपेक्षा वापरून टोचे पडलेले चेंडू चांगले उडतात हे खेळाडूंच्या लक्षात आलं होतं, आणि पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खळ्या मुद्दाम पाडल्या जाऊ लागल्या.

या उचलीचा आकार सांगितल्याशिवाय तिची ताकद कळत नाही. नियमानुसार चेंडूचं वस्तुमान 45.93 ग्रॅमपेक्षा जास्त असू शकत नाही आणि व्यास 42.67 मिलिमीटरपेक्षा कमी असू शकत नाही. एवढ्याशा वस्तूला ताशी 167 मैलांनी सोडलं की पहिल्या क्षणी मागे ओढणारा हवेचा जोर तिच्या वजनाच्या अडीच पटींच्या आसपास असतो, आणि उचलणारा जोर वजनापेक्षाही जास्त भरतो. म्हणून चांगल्या ड्राइव्हची वाट सुरुवातीला वरच्या बाजूला वळताना दिसते. फेकलेल्या दगडाची वाट तशी कधीच वळत नाही. पण उचल वेगावर जगते. वेग अर्धा झाला की उचल जवळपास चौथाईच्या दिशेने घसरते. आणि फिरकी जास्त झाली की उचलीबरोबर ओढही वाढते. चेंडू फुग्यासारखा वर चढतो आणि तिथेच थकतो. वेजच्या चेंडूला मिनिटाला नऊ हजारांहून जास्त फेऱ्यांची फिरकी असते, ड्रायव्हरला 2,700 च्या आसपास. वेजचे 34 मीटर हवेने काढून घेतले ते याच कारणाने. तरीही ड्रायव्हर, सात नंबर आणि वेज या तिघांचे चेंडू जवळपास सारख्याच उंचीवर, नऊ-दहा मजली इमारतीएवढे चढतात. उंची तीच, तिथे पोचायची रीत प्रत्येकाची वेगळी.

आता समजुतीला धक्का देणारा पुरावा. महिलांच्या एलपीजीए टूरवरच्या सरासरीत ड्रायव्हरचा क्लबवेग ताशी 94 मैल, चेंडूचा 140. चेंडू निघण्याचा कोन किती? पुरुषांचा 10.9, महिलांचा 13.2. फिरकी दोघांची जवळपास सारखी. वेग कमी असताना या खेळाडू चेंडू जास्त उंच सोडतात. त्यासाठी त्या ड्रायव्हर चेंडूला चढत्या वाटेने लावतात, तर पुरुष किंचित उतरत्या. हा योगायोग नाही. वेग कमी म्हणजे उचल कमी. हवा कमी देणार म्हणून उंची टकरीच्या वेळीच विकत घेऊन ठेवायची. एकच सात नंबर दोघांच्या हातात दिला तर काय होतं तेही पाहा. निर्वाताच्या हिशेबात पुरुषांचे 158 मीटर प्रत्यक्षात 157 राहतात, महिलांचे 136 मीटर 129 वर येतात. त्याच क्लबला हवा एकाकडे बरोबरीत सोडते आणि दुसरीकडून वजावट करते. हौशी पुरुष खेळाडूचा ड्रायव्हरचा वेग साधारण या व्यावसायिक महिलांइतकाच असतो, बहुतेकांचा त्याहून कमी. तरी तो दुकानात जाऊन 9 अंशांचा ड्रायव्हर आणि तीन नंबर आयर्न मागतो, कारण दूरचित्रवाणीवर दिसणारे तेच वापरतात. त्याच्या हातातल्या तीन, चार आणि पाच नंबर आयर्नचे चेंडू जवळपास एकाच ठिकाणी पडतात, आणि त्याला वाटतं आपला स्विंग चुकतोय. स्विंग चुकतही असेल. पण कमी लॉफ्टला उचलून धरण्याइतका वेगच तिथे नसतो, आणि ती चूक क्लब निवडतानाच झालेली असते. थैलीतून लांब आयर्न निघून त्यांच्या जागी जास्त सहज उडणारे हायब्रिड आले, ते या कारणाने.

यावर एक चांगला आक्षेप आहे. पल्ल्याची उतरंड लॉफ्टमुळे नसून दांड्याच्या लांबीमुळे असेल. ड्रायव्हरचा दांडा 45 इंचांचा, सात नंबरचा 37 च्या आसपास. लांब दांड्याचं टोक जास्त वेगाने फिरतं, लॉफ्ट फक्त सोबतीला बदलतो. दोन गोष्टी एकत्र बदलल्या की श्रेय कुणाला द्यायचं हा प्रश्न योग्यच आहे, आणि ट्रॅकमॅनच्या आकड्यांतही क्लबवेग 113 वरून 83 पर्यंत उतरतो. पण एक प्रयोग प्रत्यक्ष मैदानावर झालेला आहे. अमेरिकेचा ब्रायसन डेशाम्बो आपल्या सगळ्या आयर्नचे दांडे एकाच लांबीचे ठेवतो, आणि त्याने 2020 आणि 2024 अशी दोनदा यूएस ओपन जिंकली. त्याच्या आयर्नमध्ये लांबीचा फरक पुसला गेला, तरी एक क्लब दुसऱ्यापेक्षा लांब जातोच, नाहीतर त्याला स्पर्धा खेळताच आली नसती. तो फरक करतो लॉफ्ट. लांबीचा वाटा ड्रायव्हर आणि वुड या लांब दांड्याच्या क्लबांत मोठा आहे, हे मान्य करायलाच हवं. आयर्नमध्ये मात्र ती दुय्यम आहे.

दुसरा आक्षेप बाजारातून येतो. नव्या आयर्नचे लॉफ्ट कमी केलेले आहेत, तरी चेंडू लांबही जातो आणि उंचही. हे खरं आहे. 1970 च्या दशकात सात नंबरचा लॉफ्ट साधारण 38 अंशांच्या घरात असे. आज लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या कित्येक सात नंबरचा तो 28 ते 30 आहे. म्हणजे जुन्या हिशेबाने पाच नंबरच्या क्लबवर सात हा आकडा कोरलेला आहे. तरी तो उंच उडतो, कारण डोक्याच्या आतली पोकळी, तळाशी ठेवलेलं जड वजन आणि पातळ, लवचिक फेस चेंडूला जास्त वेग आणि जास्त कोन देतात. नियम बदललेला नाही. कारागिरांनी उंची दुसऱ्या वाटेने आणली आणि वाचलेला लॉफ्ट वेगाला दिला. या कारागिरीबद्दल मला आदर आहे. ज्यांच्या मनगटात जोर नाही त्यांना तिने खेळात ठेवलं आहे. पण तिच्या दोन खुणा लक्षात ठेवाव्या लागतात. फिरकी कमी झाल्यामुळे चेंडू ग्रीनवर, म्हणजे खळग्याभोवतीच्या हिरवळीवर, पडून थांबत नाही, पुढे पळतो. जो खेळाडू उतरत्या कोनावर विसंबून असतो त्याला हे लांब गेलेले मीटर उपयोगाचे नसतात. आणि पिचिंग वेज 43 अंशांवर आला की 56 च्या सँड वेजपर्यंत 13 अंशांची दरी पडते, ती भरायला मधला गॅप वेज विकत घ्यावा लागतो. क्लबवर कोरलेल्या आकड्याने दोन खेळाडूंची तुलना करणं म्हणूनच निरर्थक झालं आहे. तुलना करायचीच तर अंशांनी करावी.

तिसरा आक्षेप शिकवणाऱ्यांचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. क्लबवरचा लॉफ्ट महत्त्वाचा नाही, टकरीच्या क्षणी हातांमुळे तो किती राहतो हे महत्त्वाचं. अनुभवी खेळाडू हात चेंडूच्या पुढे ठेवून उतरत्या वाटेने मारतो. 34 अंशांचा सात नंबर त्या क्षणी वीस-बावीस अंशांचा होतो, म्हणून चेंडू 16 अंशांनी निघतो. नवशिका चेंडू उचलायला जातो, मनगट मोडतो आणि लॉफ्ट वाढवतो. मग कोरलेल्या आकड्याला अर्थ काय? अर्थ असा, की हात हिशेबातली रक्कम कमी-जास्त करतात. हिशेब सुरू होतो तो कोरलेल्या लॉफ्टपासूनच. फिरकी ठरते ती फेसचा कोन आणि क्लबची वाट यांतल्या फरकावर. हात पुढे गेले तर साधारणपणे वाटही खाली वळते, म्हणून फेस सपाट झाला तरी फरक तितका आटत नाही. आणि नवशिका मनगट का मोडतो? फार कमी लॉफ्टचा क्लब हातात असल्याने चेंडू उडेल यावर त्याचा विश्वास नसतो, हे त्यातलं एक मोठं कारण. योग्य लॉफ्ट मिळाला की उचलण्याची गरजच उरत नाही. लाँग ड्राइव्ह स्पर्धांतले पहिलवान पाच-सहा अंशांचे ड्रायव्हर वापरतात, हे उदाहरणही माझ्याच बाजूचं आहे. त्यांचा क्लबवेग ताशी 140 मैलांच्या वर जातो; इतक्या वेगाला हवा भरभरून उचल देते, म्हणून ते कोनात काटकसर करू शकतात.

भारतीय खेळाडूंत या सगळ्याचं सर्वांत बोलकं उदाहरण अदिती अशोक. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ती चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं, आणि लांब मारणाऱ्यांत तिचं नाव कधीच नव्हतं. जिथे इतर खेळाडू आयर्न घेऊन ग्रीनवर मारत, तिथे ती हायब्रिड किंवा वुड घेई. आपल्या वेगाला कोणता लॉफ्ट काय देतो याचं तिचं भान इतकं पक्कं होतं, की क्लबचा आकडा मोठा की लहान याची लाज बाळगायची वेळच तिच्यावर आली नाही.

आता लोधी कोर्सवरच्या निर्णयाकडे. तिथली पट्टी अरुंद, दोन्ही बाजूंनी दाट झाडी, आणि झाडीत गेलेला चेंडू सापडला तरी खेळायला जागा नसते. लॉफ्टचा एक परिणाम अजून सांगायचा राहिला आहे, तो इथे निर्णायक ठरतो. फेस मार्गापासून दोन अंश बाजूला वळलेला राहिला तर फिरकीचा अक्ष कलतो आणि चेंडू वाकतो. किती कलतो हे ठरतं ती बाजूची चूक उभ्या फरकाच्या तुलनेत किती आहे यावर. ड्रायव्हरला तो उभा फरक 14 अंशांच्या आसपास, म्हणून अक्ष सुमारे 8 अंश कलतो; सात नंबरला फरक त्याच्या जवळजवळ दुप्पट, म्हणून तीच चूक अक्षाला चारेक अंशच कलवते. चूक सारखी, वाकणं निम्मं. त्यात चेंडू कमी अंतर जाणार, म्हणजे वाकायला वेळही कमी. मॅकिलरॉयने सोडले ते मीटर त्याला त्या मैदानावर नकोच होते. ती स्पर्धा टॉमी फ्लीटवूडने जिंकली. तो लांब फटक्यांपेक्षा अचूक आयर्नसाठी ओळखला जाणारा खेळाडू.

दिल्लीत खेळणाऱ्याला एक हिशेब वर्षातून दोनदा नव्याने मांडावा लागतो. शहराचं तापमान ज्या सफदरजंग वेधशाळेत नोंदलं जातं, ती लक्ष्मीबाई नगरपासून जवळच आहे. जानेवारीच्या पहाटे तिथे पारा सात-आठ अंशांवर असतो, मे महिन्याच्या दुपारी चाळिशीवर. एवढ्या फरकाने हवेची घनता दहा-अकरा टक्क्यांनी उतरते. मे महिन्यात हवा ओढतेही कमी आणि उचलतेही कमी. वेजकडून ती एरवी जास्त घेत असल्यामुळे तिथला फायदा सरळ आहे: चेंडू पुढे जातो आणि ग्रीन ओलांडतो. ड्रायव्हरचा चेंडूही उन्हाळ्यात लांब जातो, कारण ओढ कमी झाल्याचा लाभ उचल घटल्याच्या तोट्यापेक्षा मोठा असतो. पण हळू वेगाच्या खेळाडूकडे उचल आधीच तुटपुंजी, म्हणून त्याने त्या ऋतूत ड्रायव्हरचा लॉफ्ट एखाद-दीड अंशाने वाढवून पाहावा. आजच्या बहुतेक ड्रायव्हरना लॉफ्ट कमी-जास्त करायची सोय असते. पावसाळ्यात दमट हवा जड असते असं म्हणतात, ते चूक आहे. पाण्याची वाफ कोरड्या हवेपेक्षा हलकी असते, जड होतो तो ओला चेंडू आणि ओली हिरवळ. मुंबईहून पुण्याला आलेल्या खेळाडूला असाच फरक उंचीमुळे भेटतो. चेंबूरचं बॉम्बे प्रेसिडेन्सीचं मैदान समुद्राच्या पातळीजवळ आहे, येरवड्याचं पूना क्लबचं सुमारे 560 मीटरवर, आणि तिथली हवा पाच-सहा टक्क्यांनी विरळ. आठ नंबरने चेंबूरला जो चेंडू ग्रीनच्या मध्यावर बसतो, तो येरवड्याला मागच्या कडेकडे जातो. गुलमर्गच्या कोर्सवर, अडीच हजार मीटरांच्याही वर, तोच आठ नंबर मुंबईकराच्या हातून जवळपास सात नंबरचा पल्ला गाठतो.